दुकानाच्या नावाची भेटवस्तू कशी निवडावी

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या खडे बाजारापासून निपाणीच्या पेठेपर्यंत दुकानादुकानांत गिफ्ट आर्टिकलवाल्याचा कॅटलॉग येऊन पडतो. पेन, किचेन, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची बाटली, पाकीट. मालक पानं उलटतो, एक वस्तू पसंत करतो, पाचशे नगांची ऑर्डर देतो, आणि होळीला त्यातले निम्मे नग माळ्यावर धूळ खात असतात. पैसे वाया जातात ते कॅटलॉगपासून सुरुवात केल्यामुळे. सुरुवात गिऱ्हाईकाच्या दिवसापासून करायला हवी. त्याला तुमची गरज कुठे आणि कधी पडते, आणि तेव्हा त्याच्या हाताशी काय असतं, हे आधी कागदावर लिहा. तुमचं नाव त्याच वस्तूवर असलं पाहिजे.

मोटर रिवाइंडिंगचं दुकान घ्या. शेतकऱ्याची मोटर जळते ती विहिरीवर, नदीकाठी. हेस्कॉम या वीज कंपनीची थ्री-फेज वीज ठरावीक तासच असते, त्या तासांत मोटर चालली नाही की पाण्याची पाळी चुकते आणि ऊस वाळतो. त्या वेळी माणूस स्टार्टरच्या पेटीसमोर उभा असतो. घरातल्या शोकेसमध्ये ठेवलेलं तुमचं घड्याळ तिथे काही कामाचं नाही. पेटीच्या दाराला आतून चिकटवलेलं, उन्हापावसात न फिकटणारं विनाइल स्टिकर आणि त्यासोबत चांगला लाइन टेस्टर, एवढ्यावर तुमचा फोन वाजतो. टेस्टर मात्र आयएसआय चिन्हाचा आणि किमान 500 व्होल्टपर्यंतचा घ्या. थ्री-फेजवर हलका टेस्टर जिवावर बेतू शकतो आणि त्यावर नाव तुमचं असतं.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या मशीन शॉपना टूल्स, कटिंग ऑइल किंवा कास्टिंग पुरवणाऱ्यांसाठी सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ भेट म्हणजे टॅप-ड्रिलचा, म्हणजे कोणत्या मापाच्या आट्यांसाठी आधी किती मापाचं भोक पाडायचं त्याचा, लॅमिनेट केलेला तक्ता. एम 5 ला 4.2, एम 6 ला 5, एम 8 ला 6.8, एम 10 ला 8.5, एम 12 ला 10.2, एम 16 ला 14 मिलिमीटरचं ड्रिल, असा नेहमीच्या पिचचा तक्ता ए4 आकारात, अक्षरं हातभर अंतरावरून वाचता येतील एवढी, आणि मागे दुहेरी चिकटपट्टी. ड्रिल मशीनच्या खांबाला तो वर्षानुवर्षं राहतो. मोजमापाची पट्टी किंवा टेप द्यायची असेल तर अचूकतेचा दुसरा वर्ग छापलेली घ्या. त्या वर्गाच्या 5 मीटर टेपला पूर्ण लांबीवर 1.3 मिलिमीटरपर्यंतच चूक चालते. मोजमापावर पोट असलेल्या माणसाला चुकीचा टेप देण्यापेक्षा काहीच न दिलेलं बरं.

औषधदुकानात रोज बीपी-शुगरच्या गोळ्या नेणारी वयस्कर मंडळी असतात. त्यांना सात खणांची गोळ्यांची डबी द्या, खणांवर वारांची नावं मराठीत आणि कन्नडमध्ये. खत-बियाण्यांच्या दुकानाने फवारणीचे रबरी हातमोजे आणि तोंडाला बांधायचं कापड द्यावं. हार्डवेअरवाल्याने गवंड्याला ओळंबा किंवा लेव्हल ट्यूब, सुताराला पेन्सिल. सुताराची पेन्सिल चपटी असते, फळीवरून घरंगळत नाही. गोल पेन्सिल दिली तर ती मुलाच्या दप्तरात जाते आणि तुमचं नाव शाळेत.

गिऱ्हाइकांच्या तीन याद्या

सगळ्यांना एकच वस्तू देणं सोपं वाटतं आणि तिथेच बजेट बुडतं. आधी गेल्या वर्षाची बिलं आणि उधारीची वही घेऊन बसा आणि तीन याद्या करा. एकीत ज्यांच्यावर दुकान चालतं ती मोजकी नावं, दुसरीत महिन्या-दोन महिन्यांनी येणारी नेहमीची, तिसरीत येऊन-जाऊन असलेली.

समजा वर्षाचं बजेट 40,000 रुपये आहे आणि याद्यांत अनुक्रमे 30, 170 आणि 300 नावं आहेत. येऊन-जाऊन असलेल्या 300 जणांना 20 रुपयांची वस्तू दिली की 6,000 झाले. नेहमीच्या 170 जणांना 90 रुपयांची दिली की 15,300. वरच्या 30 जणांना 400 रुपयांची दिली की 12,000. बेरीज 33,300. उरलेले 6,700 छपाईचे स्क्रीन, प्लेट, वाहतूक, खराब निघणारे नग आणि ऐन वेळी आठवलेली चार नावं यांसाठी बाजूला ठेवा. हे भाव करासह धरायचे, नाहीतर बिल आल्यावर गणित कोसळतं.

वस्तूची किंमत पाहताना ती किती महिने वापरली जाईल त्याने भागा. 45 रुपयांची दिनदर्शिका बारा महिने भिंतीवर असते, म्हणजे महिन्याला पावणेचार रुपये पडले. 8 रुपयांचं पेन तीन आठवड्यांत संपतं किंवा दुसऱ्याच्या खिशात जातं. तरी पेन वाईट नाही: एलआयसी एजंट, झेरॉक्सवाले, अर्ज भरून देणारी सेवा केंद्रं, सहकारी पतसंस्था यांच्याकडे लोक लिहायलाच येतात, तिथे पेन द्यावं. किराणा दुकानाने पेन देण्यात काही अर्थ नाही.

दिनदर्शिका

सीमाभागात दिनदर्शिकेइतकी कामाची भेट दुसरी नाही, आणि इतक्या निष्काळजीपणे निवडलेलीही दुसरी नाही. पुण्या-कोल्हापूरचा तयार साचा आणून खाली नाव छापलं की काम झालं असं बहुतेकांना वाटतं. त्या साच्यात सुट्ट्या महाराष्ट्राच्या असतात. इथल्या बँका आणि सरकारी कचेऱ्या कर्नाटकाच्या यादीने चालतात. कनकदास जयंती, वाल्मीकी जयंती, 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव या तारखा महाराष्ट्राच्या यादीत नसतात. शाळांना मोठी सुट्टी इथे दसऱ्याला मिळते, तिकडे दिवाळीला. तुमची दिनदर्शिका पाहून गिऱ्हाईक बँकेत गेलं आणि शटर बंद दिसलं, तर पुन्हा ते तुमच्या पानावर विश्वास ठेवत नाही. उलट चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल भागातून बेळगाव-निपाणीला येणाऱ्या गिऱ्हाइकाला महाराष्ट्राच्या सुट्ट्या लागतात. उपाय सोपा आहे: कर्नाटकाची सुट्टी लाल अंकात, महाराष्ट्राची त्याच चौकटीत बारीक अक्षरात.

पंचांगाच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूचं आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत महिना अमावास्येला संपतो, शक शालिवाहन, गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी. म्हणून तिथींचा एकच साचा दोन्ही भाषांत चालतो. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तेवढी बेळगावची मागून घ्या. मुंबई-पुण्याच्या वेळेत आणि इथल्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो, आणि उपवास सोडायला थांबलेल्या घरात तो लक्षात येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माची आणि चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, वैशाख शुद्ध द्वितीयेची परंपरेप्रमाणे होणारी शिवजयंती, तुमच्या गावचा वार्षिक उत्सव, आणि जवळच्या आठवडी बाजारांचे वार पानात घाला. ते तयार साच्यात मिळत नाही आणि त्यासाठीच लोक तुमची दिनदर्शिका स्वयंपाकघरात लावतील.

चौकट मोठी ठेवा. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवालीचे खाडे, पेपरवाल्याचं बिल हे सगळं तिथेच लिहिलं जातं. चकचकीत आर्ट पेपरवर बॉलपेन नीट उमटत नाही, शाई पसरते. मॅपलिथो हा बिनचकाकीचा कागद 90 ते 100 जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. त्याहून पातळ कागद जून-जुलैच्या दमट हवेत, विशेषतः खानापूरकडे, खालून वळतो. वरची पट्टी पत्र्याची घ्या आणि तिची टोकं बोचणारी नसावीत. नाव प्रत्येक पानावर येऊ द्या, कारण फक्त पहिल्या पानावरचं नाव जानेवारीबरोबर उलटतं.

देवाचं चित्र दिनदर्शिकेवर चालतं. पिशवी, कागदी डबा, पेपर नॅपकिन, पायपुसणं यांवर कधीच नको. शिवाजी महाराज, बसवेश्वर, आंबेडकर यांची चित्रंही वापरून टाकायच्या वस्तूवर छापू नयेत. लोकांना ते खुपतं आणि खुपणारी वस्तू वापरली जात नाही.

रोज एक पान फाडायच्या जाड पुठ्ठ्याच्या दिनदर्शिका तमिळनाडूतल्या शिवकाशीहून येतात. पतसंस्था आणि कचेऱ्यांत त्या चांगल्या, पुठ्ठ्यावरचं नाव वर्षभर तसंच राहतं. घरात मात्र महिन्याचं पानच लागतं.

ऑर्डर दसऱ्याच्या आधी द्या. नोव्हेंबरनंतर छापखान्यात लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका यांची रेटारेटी होते आणि जानेवारीच्या दहा तारखेला आलेली दिनदर्शिका कोणाच्याही भिंतीवर जागा शोधू शकत नाही, तिथे दुसऱ्याची आधीच लागलेली असते. वाटप डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. शक्य असेल तर खिळ्यासकट, म्हणजे छोटा स्टीलचा खिळा किंवा चिकटणारा हूक सोबत.

पिशवी

कापड, साडी, किराणा, सुकामेवा, कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) विकणाऱ्यांसाठी पिशवी ही चालती पाटी आहे. शहापूर, वडगाव, खासबागच्या मागांवरचं किंवा इचलकरंजीचं कापड जवळच मिळतं आणि शिवायला गावोगावी बचत गट आहेत. किराण्यासाठी साधं सुती कापड 150 जीएसएमच्या आसपासचं पुरतं. वर्षभर टिकायला हवी तर 10 औंसाचं कॅनव्हास घ्या, ते जीएसएममध्ये सुमारे 340 भरतं. साडीच्या पिशवीला रुंदी 14, उंची 16 आणि तळाला 4 इंचांची पट्टी ठेवली की साडीचा डबा आडवा बसतो. तळपट्टी नसली की डबा कोपऱ्यातून कापड ताणतो आणि शिवण तिथूनच उसवते.

पिशवी फाटते ती नेहमी बंदाजवळ. बंद पिशवीच्या आत किमान दीड इंच गेलेला असावा आणि तिथे चौकोनात फुलीची शिवण हवी, एकेरी टीप चालत नाही. नमुना आला की त्यात 5 किलो तांदूळ भरून रात्रभर खुंटीला टांगा. सकाळी बंदाचे टाके ओढल्यासारखे दिसले तर परत पाठवा. कापड धुऊन आटतं, म्हणून नमुना एकदा धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. छपाईसुद्धा तेव्हाच कळते.

दिसायला कापडी वाटणारी नॉन-वोवन पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. देशपातळीवर ती 60 जीएसएमपेक्षा हलकी चालत नाही, आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्याही बंद आहेत. कर्नाटकात तर मार्च 2016 मध्येच प्लास्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, बॅनर, पताका यांवर बंदी आली. नॉन-वोवन काही पैशांनी स्वस्त पडते म्हणून हजार नग घ्यायचे आणि महापालिकेच्या तपासणीत नाव छापलेल्या मालासह सापडायचं, हा सौदा तोट्याचाच. पुरावा तुमच्या नावानिशी छापलेला असतो. 1 जुलै 2022 पासून देशभर बंद झालेल्या वस्तूंत फुग्याच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्मोकोल आणि मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची पातळ फिल्मही आहे. कुंद्याचा डबा भेट देणाऱ्यांनी त्या फिल्मऐवजी कागदी पट्टी आणि सुती दोरी वापरावी.

कुंदा किंवा मिठाई देण्याबद्दल एवढंच: दूध आटवलेला पदार्थ फार दिवस टिकत नाही आणि डबा रिकामा झाला की नावही गेलं. द्यायचीच असेल तर पुन्हा वापरता येईल अशा स्टीलच्या डब्यात द्या, डब्याच्या तळाशी नाव कोरून. दूरच्या गिऱ्हाइकाला पाठवायचं तर गोकाकचा करदंट (डिंक आणि सुकामेव्याची वडी) जास्त टिकतो. बनवणाऱ्याचा एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवान्याचा) क्रमांक आणि तारीख असलेलं मूळ लेबल झाकून त्यावर आपलं स्टिकर लावू नका.

ऋतू आणि सण

छत्री बेळगावात उत्तम भेट आहे, पण ती मृगाच्या आधी हातात पडली पाहिजे. ऑर्डर मार्चअखेर, वाटप मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जुलैत दिलेली छत्री घरातली तिसरी असते. आठ काड्यांची, 23 इंचांची, फायबरच्या काड्यांची घ्या. इथल्या वाऱ्यात पातळ लोखंडी काडी एकदा उलटली की सरळ होत नाही, आणि मोडलेली छत्री गटारीत पडते तुमच्या नावासकट. छपाई समोरासमोरच्या दोन पाकळ्यांवर पुरे.

मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं आणि प्रत्येक घरात वाण लुटायला वीस-पंचवीस वस्तू लागतात. साडी, भांडी, सोन्याचे दुकानदार याचा उपयोग फार कमी करतात. ठरावीक रकमेच्या खरेदीवर एकाच प्रकारच्या वीस छोट्या वस्तूंचा संच द्या: स्टीलची वाटी, चहाची गाळणी, छोटी कापडी बटवा-पिशवी. प्रत्येक वस्तू वेगळ्या घरात जाते, म्हणजे एका भेटीतून वीस स्वयंपाकघरांत पोचलात. नाव बारीक आणि तळाशी असावं. वाणावर मोठी जाहिरात दिसली तर ते लुटणाऱ्या बाईला लाज वाटते आणि वस्तू कपाटात राहते. माल डिसेंबरच्या मध्यापर्यंत दुकानात हवा.

गणेशोत्सवात पारंपरिक आरत्यांची पुस्तिका द्या, ए6 आकाराची. पानांची संख्या चारच्या पटीत धरा, म्हणजे पिनेत कोरी पानं राहत नाहीत. अक्षर मोठं ठेवा, आरतीच्या वेळी दिवे मंद असतात आणि वाचणाऱ्यांत आजोबाही असतात. मंडळांना टी-शर्ट द्यायचे तर कापड 180 जीएसएमचं. मापांचा अंदाज शंभरात एस 10, एम 30, एल 35, एक्सएल 20 आणि डबल एक्सएल 5 असा धरून, मंडळाकडून खरी यादी घेऊन मग पक्का करावा.

पॉवर बँक आणि पेन ड्राइव्ह यांच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. पॉवर बँकेवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊच नका, हलकी बॅटरी फुगते आणि पेट घेते. पेन ड्राइव्हवर छापलेली क्षमता खरी आहे का हे पूर्ण भरून, पुन्हा उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्टीलची बाटली बरी, तिथेही आयएसआय चिन्ह आणि त्याचा परवाना क्रमांक पाहा.

दोन भाषांतली छपाई

या भागातला सगळ्यात मोठा खर्च चुकीच्या अक्षरांनी होतो. दुकानात मराठी बोलणारं आणि कन्नड बोलणारं गिऱ्हाईक सारख्याच हक्काने येतं, तेव्हा दोन्ही लिप्यांत नाव हवंच. मराठी ओळीत बेळगाव, कन्नड ओळीत बेळगावी लिहा, दोन्ही वाचणाऱ्यांना आपापलं वाटतं. नकाशा, झेंडा, राजकीय घोषणा वस्तूवर नको. वर्षभर घरात राहणाऱ्या वस्तूने कोणाच्याही मनाला बोच लावू नये.

दुकानाचं नाव कन्नडमध्ये कसं लिहायचं हे एकदाच ठरवा आणि पाटी, बिल, पिशवी सगळीकडे तेच वापरा. डिझायनरला अंदाजाने लिहू दिलं तर तीन वर्षांत तीन नावं तयार होतात.

डिझाइन बहुतेक कोरल ड्रॉमध्ये होतं. मराठी श्रीलिपीच्या आणि कन्नड नुडीच्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या गावच्या छापखान्यात उघडली की रफार उडतो, जोडाक्षरं तुटतात, कन्नडच्या जागी चौकोन दिसतात. फाइल पाठवण्याआधी सगळा मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्यांत, बदलून घ्या आणि न बदललेली प्रत स्वतःकडे ठेवा, पुढच्या वर्षी फोन नंबर बदलायला ती लागते. सोबत पीडीएफ पाठवा, म्हणजे तिथल्या माणसाला मूळ कसं दिसत होतं ते कळेल. फोटो असेल तर छपाईच्या आकाराला 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), कडेला 3 मिलिमीटरचा जादा भाग. व्हॉट्सॲपवर आलेला लोगो कधीच वापरू नका, तो दाबून लहान केलेला असतो.

कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग ओळीखाली उतरतो आणि मराठीत वेलांटी, मात्रा वर जाते. दोन ओळींमधली जागा कमी ठेवली तर दोन्ही एकमेकांत घुसतात, आणि पेनासारख्या अरुंद जागेत कन्नडचा खालचा भाग कापला जातो. म्हणून पेनावर दोन ओळी कोंबू नका. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. अक्षराची उंची 3 मिलिमीटरपेक्षा कमी झाली की शिरोरेषा शाईने भरते आणि नाव काळ्या पट्टीसारखं दिसतं. जाड ठशाचं, पोकळ भाग मोकळे असलेलं अक्षर निवडा.

मजकूर थोडाच: नाव, काय विकता ते दोन-तीन शब्दांत, गल्ली आणि खूण, एक मोबाइल नंबर. गोवा आणि महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी गावाचं नाव विसरू नका. क्यूआर कोड टाकायचा तर 2 सेंटिमीटरपेक्षा लहान नको, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा, आणि बाटली-पेनाच्या वळणावर नको. वळणावर कॅमेरा तो वाचत नाही.

प्रूफ दोघांनी वाचावं, एकाने मराठी, एकाने कन्नड. फोन नंबर वाचून पाहू नका, प्रूफवरून थेट डायल करा.

छपाईची पद्धत वस्तूवर ठरते. कापडावर आणि छत्रीवर स्क्रीन प्रिंट, प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन लागतो म्हणून एक-दोन रंगांत भागवा. पेन, डबी यांना पॅड प्रिंट, म्हणजे मऊ ठशाने केलेली छपाई. स्टीलला लेसरने कोरून घ्या, घासणीने जात नाही. कपाला सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग चढवणं, पण ते पांढऱ्या आणि पॉलिमरचा थर असलेल्या कपावरच नीट येतं. सुती कापडावर सब्लिमेशन करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा, दोन धुण्यांत रंग जातो.

ऑर्डर आणि नमुना

छापलेला नमुना हातात आल्याशिवाय पूर्ण ऑर्डर देऊ नका. कोरा नमुना दाखवून छपाई चांगली होईल म्हणणं पुरेसं नाही. नमुन्यावर चिकटपट्टी घट्ट लावून झटक्यात ओढा, शाई पट्टीवर आली तर नापास. नखाने खरवडा. सॅनिटायझरच्या कापसाने दहा वेळा पुसा. प्लास्टिकची वस्तू एक दुपार गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवा. पेन असेल तर सबंध पान भरून लिहा, मग टोपण काढून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा चालवा.

ऑर्डर लेखी द्या: नग, रंग, छपाईची जागा मिलिमीटरमध्ये, नमुना पास केल्याची सही, पोचायची तारीख, खराब नग बदलून देण्याची अट. आगाऊ निम्म्यापेक्षा जास्त रक्कम देऊ नका. शंभराला तीन नग जादा मागवा. माल आल्यावर प्रत्येक खोक्याच्या वरचे, मधले आणि तळाचे नग तपासा, तळाला खराब नग घालायची खोड जुनी आहे.

माल कोल्हापूर-इचलकरंजीहून येणार असेल तर हातात चार-पाच दिवस राखून ठेवा. सीमेवर तणाव झाला की दोन्ही बाजूंच्या बसफेऱ्या थांबतात आणि बसने येणारं पार्सल अडकतं. 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन काढलेलं बिल, लागतं. दोन्हींपैकी कोणत्याही राज्यात निवडणुकीची आचारसंहिता असेल तर कोगनोळी नाक्यावर गाड्या तपासतात. साड्या, कुकर, चांदीची नाणी असा भेटीचा माल तेव्हा बिलाशिवाय आणणं म्हणजे जप्तीला निमंत्रण. छापलेल्या नावाचा नमुना आणि ऑर्डरची प्रतही गाडीत ठेवायला सांगा.

कर आणि कायदा

फुकट दिलेल्या वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (आपल्या करातून वजावट) मिळत नाही, कायद्याचं कलम 17(5)(एच) ते रोखतं. एकावर एक अशा योजनेत मात्र दोन वस्तू एका किमतीत विकल्या असं धरतात आणि क्रेडिट राहतं. म्हणून बिलात वस्तू कशी दाखवायची हे योजना जाहीर करण्याआधी सीएला विचारा. एका वितरकाला किंवा डीलरला वर्षभरात 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या भेटी गेल्या तर 10 टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा कर) लागतो. हा नियम 1 जुलै 2022 पासून आहे. ज्यांची आदल्या वर्षीची उलाढाल धंद्यात एक कोटीच्या आत आहे अशा वैयक्तिक मालकीच्या दुकानांना तो लागत नाही. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना भेटवस्तू देण्यावर औषधविक्रीच्या 2024 च्या आचारसंहितेने बंधनं घातली आहेत, तेव्हा औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. कारखान्यांच्या खरेदी विभागात भेट नेण्याआधी त्यांचं धोरण विचारून घ्या. मोठ्या कंपन्यांत ती घेतली म्हणून समोरच्या माणसाची नोकरी अडचणीत येते.

पाचशेच्या खरेदीवर भेट मोफत असं जाहीर केलं आणि चौथ्या दिवशी माल संपला म्हणून नाकारलं, तर ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित प्रथा ठरू शकते. जाहिरातीतच साठा संपेपर्यंतची अट आणि नगांची संख्या लिहा.

फळवाल्याला मोठी छत्री किंवा पानपट्टीला तुमच्या नावाची पाटी द्यायची असेल तर तिला दुकानाच्या फलकाचाच नियम लागतो असं धरून चाला. कर्नाटकात फलकावर 60 टक्के कन्नड आणि ते वरच्या भागात लागतं. पाटी आधी करून मग पुसत बसण्यापेक्षा डिझाइनलाच तसं घ्या.

वाटप आणि हिशेब

काउंटरवर ढीग ठेवू नका. ढिगातून एकाच घरातली चार माणसं चार वस्तू नेतात आणि ज्याला द्यायची तो रिकाम्या हाताने जातो. यादी काउंटरखाली ठेवा, नावावर खूण करा. वरच्या यादीतल्या तीस जणांकडे मालकाने स्वतः जावं, पोऱ्याच्या हाती पाठवू नये. बाकीच्यांना बिल देताना, दोन्ही हातांनी, नाव घेऊन द्यावी. काकू, मामा, अण्णा, अक्का, ज्याला जशी हाक शोभते तशी. वस्तू कशासाठी आहे हेही सांगा: हे स्टिकर पेटीच्या आत लावा, ही डबी आजींच्या गोळ्यांना.

उपयोग झाला का हे कळायला काउंटरवर एक वही पुरते. नवीन गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न विचारायचा, आमचं नाव कुठे बघितलंत? उत्तरासमोर रेघ मारायची. दिनदर्शिकेच्या जूनच्या पानावर एक कूपन छापा. जूनमध्ये किती कूपनं आली यावरून किती दिनदर्शिका सहा महिन्यांनी खरोखर भिंतीवर आहेत ते समजतं. पेटीत चिकटवलेल्या स्टिकरवर दुकानाचा दुसरा नंबर दिला तर त्या नंबरावर आलेले फोन वेगळे मोजता येतात. मार्चमध्ये उरलेले नगही त्याच वहीत लिहा, वस्तूचं नाव आणि आकडा, म्हणजे पुढच्या दसऱ्याआधी ऑर्डर देताना किती कमी करायचे ते समोर असेल.